चारनंतर मोकळा

डोळे उघडले तेव्हा समोर घोडे उधळले होते, कुणाचा तरी भाला मोडून पडला होता, आणि माझं डोकं एका परक्या माणसाच्या खांद्यावर होतं.

मी ताडकन सरळ बसले. घोडे ओळखीचे होते. भिंतभर पसरलेलं ते लढाईचं चित्र, ज्याच्यासमोरच्या बाकावर मी 'दोन मिनिटं टेकते' म्हणून बसले होते. खांदा मात्र ओळखीचा नव्हता. राखाडी स्वेटर, चाळिशीच्या आसपासचा माणूस, कानापाशी थोडे पिकलेले केस. अवघडलेला हात तो हळूहळू मोकळा करत होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं. आणि विचारल्यावर लक्षात आलं की या परमुलखात आपण सरळ आपल्याच भाषेत विचारून बसलो.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. तोही आपल्याच भाषेत. "तुम्ही झोपेत बोललात, त्यावरून कळलं, आपल्याकडच्या आहात."

"काय बोलले?"

"'आले गं आई.'"

मी खाली बघितलं. आईला जाऊन आठ महिने झाले होते, आणि अजून झोपेत मी तिच्या हाकेला ओ देत होते.

"उठवायचं ना मग," मी म्हटलं.

"उठवणार होतो. पण तुम्ही 'आले' म्हणालात आणि उठला मात्र नाहीत. म्हटलं, आईच्या हाकेला जी उठत नाही, ती माझ्या हलवण्याने काय उठणार." मग तो जरा घुटमळला. "एक सांगायचं राहिलं... तो पहारेकरी दोनदा येऊन गेला. इथे झोपायला मनाई आहे म्हणे. मी त्याला सांगितलं, ही माझी बायको आहे, प्रवासाने दमलीय."

मी बाकावर वीतभर लांब सरकले.

"रागावू नका. त्यांच्या भाषेतले मला मोजून पंचवीस शब्द येतात. 'अनोळखी बाई' त्यात नाही. 'बायको' आहे."

"आणि 'दमलेली'?"

"तो सगळ्यात आधी शिकलो."

हसू आलं. खूप दिवसांनी आलं, त्यामुळे जरा गंजल्यासारखंच आलं.

मी सदतीस वर्षांची आहे. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातपासून लोकांच्या शिरा शोधायच्या, रक्त घ्यायचं, मग दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी बघायच्या. आई चार वर्षं अंथरुणावर होती. लॅबमधून घरी, घरून लॅबमध्ये, आणि मधल्या वेळात तिला कूस बदलून द्यायची, पुसायचं, भरवायचं. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, सुटली बिचारी. माझ्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

परदेशवारीची कल्पना आत्याची. ती वडिलांची धाकटी बहीण, चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली, आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पायाला भिंगरी लावलेली. "पुस्तकात टिकलीएवढी बघितलेली चित्रं मला खऱ्या मापाची बघायचीत, आणि सोबतीला तू येणार आहेस," असं तिने जाहीर केलं. चार दिवस, सात म्युझियम. तिच्या पायाला भिंगरी आणि माझ्या पायात गोळे, अशी आमची जोडी दुसऱ्याच दिवशी त्या लढाईपर्यंत पोचली होती.

आत्या आली ती चष्मा कपाळावर चढवून. माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग आमच्यामधल्या वीतभर अंतराकडे तिने चित्र बघावं तसं बघितलं.

"तुम्ही काय करता?" तिने थेट विचारलं.

"स्वयंपाकी आहे. एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात एकवीस वर्षं होतो. गेल्या महिन्यात सोडलं."

"वा. आम्ही दोन दिवस बिस्किटं आणि थंड पाव खातोय. या पोरीला विचारलं, काय खाऊ या, तर म्हणते, काहीही. बल्लवाचार्य, आम्हाला कुठेतरी जेवायला घाला."

म्युझियममागच्या गल्लीत बाजार होता आणि बाजाराच्या टोकाला तीन खाणावळी. तो प्रत्येकीच्या दारात जाऊन क्षणभर डोळे मिटून उभा राहिला.

"वास घेताय?" मी विचारलं.

"ऐकतोय. आतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते. भांडत असतील तिथलं सूप खाऊ नये."

तिसऱ्या खाणावळीतून कुणाच्या तरी गुणगुणण्याचा आवाज येत होता. तिथे बसलो. दाट केशरी सूप आलं, लोण्याचा डोळा वर तरंगणारा. गरम पाव आला, मोडल्यावर वाफ सोडणारा. मग लोण्यात परतलेला मासा, त्यावर लिंबू, आणि सालीसकट उकडलेले बोराएवढे बटाटे. आत्याने मांडीवर रुमाल पसरला, चष्मा पुसला, सुपाचा रंग न्याहाळला, त्याला नाव दिलं...

आणि मान वर केली तर माझं आणि त्याचं ताट रिकामं.

"अगं, तुम्हा दोघांच्या मागे वाघ लागलाय का?" ती म्हणाली.

मी त्याच्या ताटाकडे बघितलं, त्याने माझ्या. दोघांचेही कान लाल झाले.

"भटारखान्यात उभ्यानेच खातात," तो हळू आवाजात म्हणाला. "चार घास, तेही दुसऱ्याच्या ऑर्डरींवर नजर ठेवून. तुमचं काय कारण?"

"आई," मी म्हटलं. "ती कधी हाक मारेल सांगता यायचं नाही. ओट्यापाशीच उरकायचं."

त्याने काही सांत्वन केलं नाही. हाताने खूण करून आणखी एक मासा मागवला, मधोमध ठेवला, आणि म्हणाला, "आता हा. पैज लावू. जो आधी संपवेल तो हरला."

मी जिंकले. अर्धा तास लागला. मधेच कधीतरी माशाला चव आहे हे माझ्या जिभेला आठवलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बारीक पाऊस होता. आम्ही पोचलो तेव्हा तो म्युझियमच्या पायऱ्यांवर उभा होता, छत्री मिटलेली आणि केस भिजलेले.

"छत्री आहे ना हातात," मी म्हटलं.

"तुम्ही कुठून येता ते दिसत नव्हतं तिच्यातून."

आत्याने घसा खाकरला. "मला चित्रं एकटीने बघायची असतात," ती म्हणाली. हे मी सदतीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. "दोन वाजता उपाहारगृहात भेटा." आणि ती सुळकन जिन्याकडे गेली.

आम्ही ठरवलं, घाई करायची नाही. एक दालन, बस. पहिलंच चित्र एका मांडलेल्या टेबलाचं होतं. अर्धवट सोललेलं लिंबू, सुरी, चांदीच्या थाळीत मासा.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. "मासा कालचा आहे."

"काय?"

"डोळा बघा. आत गेलाय. चित्रकाराने दोन दिवस लावले असणार, आणि प्रामाणिक माणूस, दिसलं तसं काढलं. मी असतो तर परत पाठवला असता."

पुढच्या भिंतीवर एक श्रीमंत बाई होती, मोत्यांनी लगडलेली, कुत्र्यावर हात ठेवलेली. "आता तुम्ही," तो म्हणाला.

"हिला रक्त कमी आहे," मी म्हटलं. "ओठ बघा, नखं बघा. हिमोग्लोबिन आठच्या वर नसणार. आणि हा शेजारचा म्हातारा... याचं यकृत ठीक नाही. डोळे पिवळट आहेत."

"तो चित्रावरचं वार्निश जुनं झाल्याचा पिवळेपणा नाही?"

"मग म्हाताऱ्याचे एकट्याचेच डोळे का पिवळे, कुत्र्याचे का नाहीत?"

तो इतका हसला की पहारेकऱ्याने वळून बघितलं. तो हसत असताना त्याच्या बाह्या वर सरकलेल्या होत्या, आणि माझी नजर... म्हणजे सवयच आहे ती.

"काय बघताय?"

"काही नाही. शीर छान आहे तुमची. कोपराजवळची. पहिल्या फटक्यात सापडेल."

"माझ्याबद्दल आजवर बायका बरंच काही बोलल्यात," तो म्हणाला, "पण इतकं आतलं कोणी बोललं नव्हतं."

मी पुढच्या चित्राकडे वळले. तिथे बहुतेक एक गलबत होतं. नीट आठवत नाही.

उपाहारगृहात काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. आत्याला यायला वेळ होता. आम्ही भाजलेली नाशपाती घेतली, वर थंड साय, एकाच बशीत दोन चमचे. तो स्वतःबद्दल सांगत होता. लग्न झालं होतं, तीन वर्षं टिकलं. "ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा मी निघायचो. मी परतायचो, तेव्हा ती झोपलेली. भांडायलासुद्धा वेळ जुळेना. शेवटी फ्रिजवर चिठ्ठ्या लिहून लिहून वेगळे झालो. चांगली बाई होती. अक्षरही चांगलं होतं." पुढच्या महिन्यापासून तो एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागणार होता. तीनशे मुलांची न्याहारी आणि जेवण, सकाळी सात ते दुपारी चार. "कौतुक कुणी करणार नाही. मुलं कौतुक करत नाहीत, संपवतात किंवा परत पाठवतात. पण संध्याकाळ मिळेल. मला संध्याकाळ कशी असते तेच माहीत नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता.

"अगं, त्यांच्या बहिणीचा पुन्हा फोन आला होता. उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय. मी काय म्हणतो, माणसं चांगली आहेत, घर मोठं आहे. आणि त्यांना तुझं फार कौतुक आहे बरं का. विचारत होत्या, लघवीची नळी वगैरे बदलता येते ना. मी म्हटलं, येते म्हणजे काय, आईचं सगळं तीच करायची."

"उद्या सांगते," मी म्हटलं, आणि फोन उलटा ठेवला.

त्याने विचारलं नाही. म्हणून मीच सांगितलं. स्थळ आहे. पंचेचाळीसचे आहेत, बायको वारलीय, छापखाना आहे. माणूस सभ्य आहे. त्यांची आई वर्षभर अंथरुणाला खिळलीय. त्यांची बहीण मला बघायला आली तेव्हा म्हणाली होती, तुम्हाला अनुभव आहे, ही मोठीच जमेची बाजू.

"आणि तुम्ही काय ठरवलंय?"

"हो म्हणणार आहे."

"आवडले तुम्हाला?"

"नाही... तसं नाही. नकार द्यायचा म्हणजे दादाला समजवा, वहिनीला समजवा, पुढचं स्थळ येईपर्यंत सगळ्यांची तोंडं बघा. तेवढं बळ नाही राहिलं. 'हो' म्हटलं की विषय संपतो."

तो चमच्याने सायीत रेघा ओढत राहिला. नाशपाती तशीच निवत होती.

"मला यात मत द्यायचा अधिकार नाही," तो शेवटी म्हणाला. "कालची ओळख. पण राग आलाय. तो कुठे ठेवू, तेवढं सांगा."

याआधी माझ्यासाठी कुणाला असा राग कधी आला होता, ते मला आठवेना. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले, आणि आत्या आली, आणि बसता बसता म्हणाली, "साय संपवलीत वाटतं." बशीत साय तशीच होती. पण तिने दुसरीकडे बघून घेतलं.

रविवारी सकाळी मी हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून दादाला फोन लावला. आत्या न्हाणीघरात होती. पाण्याचा आवाज मात्र केव्हाच थांबला होता.

"नाही म्हणून सांग त्यांना," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "कारण काय सांगू?"

"सांग, ती दमलीय."

"हे काय कारण झालं?"

"दादा, चार वर्षं तू दर दिवाणखान्यात माझं कौतुक केलंस, आईचं सगळं हीच करते म्हणून. ऐकायला बरं वाटायचं मला, खोटं नाही सांगत. पण तू यायचास, तिच्या उशाशी बसायचास, आणि तिची चादर ओली झाली की मला हाक मारून बाहेर जाऊन उभा राहायचास. मी दमलीय रे. पुन्हा तेच करायला मी लग्न नाही करणार."

मला वाटलं, आता चिडेल. तयारीही करून ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला. आवाज बसल्यासारखा झाला होता. "सांगतो मी त्यांना. बघतो काय ते." आणि मग, काय बोलावं ते न सुचल्यासारखं, "तू... जेवलीस का?"

"जाणार आहे जेवायला."

"नीट जेव," तो म्हणाला.

आत्या न्हाणीघरातून बाहेर आली ती कोरडीच. "मी त्या लढाईच्या चित्राकडे आणखी एकदा जाऊन येते," ती म्हणाली. "घोड्यांचे पाय बघायचे राहिलेत. तू तुझी जा." जाता जाता तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरात, टपली मारावी तसा.

त्याचं-माझं बाराला खाणावळीत भेटायचं ठरलं होतं. खाणावळ बंद होती. रविवारची सुट्टी. तो दारासमोर छत्रीखाली उभा होता, चेहरा अगदी पडलेला.

"तीन वाजता माझी विमानतळाची बस आहे," तो म्हणाला. "आणि मी तुम्हाला उपाशी ठेवणार आहे. स्वयंपाकी म्हणवतो."

बाजारात एकच दुकान उघडं होतं. लांब पाव, चीजचा तुकडा, चार टोमॅटो. आम्ही खाणावळीच्याच पायरीवर, पुढे आलेल्या छपराखाली बसलो. त्याने खिशातली सुरी काढून पाव कापला, टोमॅटोच्या फोडी केल्या, कागदातलं मीठ चिमटीने भुरभुरलं. पावसाचं पाणी पायरीच्या खालच्या कडेवरून वाहत होतं. बराच वेळ आम्ही फक्त खात होतो, सावकाश.

"त्या स्थळाला नाही सांगितलं," मी म्हटलं.

त्याची सुरी थांबली.

"तुमच्यामुळे नाही," मी घाईने म्हटलं. "म्हणजे... तुमचा राग उपयोगी पडला. पण तुमच्यामुळे नाही."

"कळलं."

"आणि आता लगेच काही नकोय मला. काही महिने कुणाचंच काही करायचं नाहीये. नुसतं बसायचंय. तुमच्यासाठीही मी काही करू शकणार नाही, हे आधीच सांगते."

"करायचंय कशाला," तो म्हणाला. सुरी पुसून त्याने मिटली, उघडली, परत मिटली. "तुमचं गाव माझ्या गावाहून बसने पाच तास आहे, काल बघितलं मी. घाई नाही. मला काम सात ते चार. चारनंतर मी मोकळा आहे. रोज. म्हणजे पुढची... सगळीच वर्षं. तुम्हाला कधी वाटलं तर फोन करा. नाही वाटलं, तरी मी त्या वेळी घरीच असेन."

असं काहीतरी पुस्तकातली माणसं फार सुंदर भाषेत सांगतात. याने कामाच्या वेळा सांगितल्या. आणि मी हातातला पाव कागदावर ठेवला.

"तू मला आवडतोस," मी म्हटलं. "आज सांगून ठेवते. उद्या पुन्हा दमलेली असेन, सुचायचं नाही."

'तू' कधी आला ते मलाच कळलं नाही. त्याला कळलं. त्याने टोमॅटोची शेवटची फोड उचलली, माझ्यापुढे धरली, आणि म्हणाला, "खा. तीनला अजून वेळ आहे."

बस निघाली तेव्हा मी हात हलवला नाही. त्याचा हात सोडायलाच उशीर झाला होता. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

पुढचे चार महिने खरंच मी काही केलं नाही. लॅबमधून घरी यायची, खिडकीशी बसायची. सव्वाचारला फोन लागायचा. आज मुलांनी भोपळा परत पाठवला. आज एका मुलीने तिसऱ्यांदा खीर मागितली. मी सांगायची, आज एका पैलवानाला सुई बघून घेरी आली. कधी दोघंही इतके थकलेले असायचो की फोन कानाला लावून नुसते बसून राहायचो. त्याच्याकडचा कुकर ऐकू यायचा मला, त्याला माझ्या गल्लीतली रिक्षा. पाचव्या महिन्यात तो एका शनिवारी आला, मग पुढच्या शनिवारीही. आत्याने तिच्या वहीत त्याचं चित्र काढलं, आणि नाक चुकलं म्हणून पुन्हा काढलं.

एका रविवारी, आम्ही लग्न करायचं म्हणतोय हे सांगायला मी दादाला फोन केला. शनिवारी आलेला तो माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बटाटे सोलत होता, मी दाराच्या उंबऱ्यावर.

"स्वयंपाकी?" दादाने विचारलं.

"हो. शाळेत."

"चांगला आहे?"

"हो."

"बरं." मला माहीत होतं, तो काहीतरी जुळवतोय. "आणि... घरी कोणकोण असतं त्यांच्या? म्हणजे मला असं विचारायचंय की... घरी कुणी आजारी नाही ना?"

दादाने हे विचारावं, आणि असं चाचरत विचारावं.

"नाही रे," मी म्हटलं. "आई-वडील नाहीत. बहीण आहे, ती तिच्या घरी सुखात. आणि उद्या कुणी पडलंच आजारी, तर या वेळी आम्ही दोघं असू."

"तिघं म्हण," दादा म्हणाला.

फोन ठेवला. नाक ओढलं. तो मान वर न करता विचारत होता, "काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

त्याने मान डोलावली आणि बटाटा सोलत राहिला. पण साल फार जाड निघायला लागली होती.